हेमिसच्या हिमशिखरांत : पदभ्रमण आणि वन्यजीवदर्शन

विदर्भात वाढलेल्या माणसापुढे ‘राष्ट्रीय उद्यान’ हा शब्द उच्चारला की त्याला प्रथम ताडोबा आठवते. साग-बांबूचे रान, उन्हाळ्यात आटत चाललेला पाणवठा, लाल धूळ उडवीत जाणारी जिप्सी आणि तिच्यात श्वास रोखून बसलेली माणसे, हे चित्र आपल्या सर्वांच्या परिचयाचे आहे. परंतु क्षेत्रफळाने भारतातील सर्वांत मोठे असलेले राष्ट्रीय उद्यान या चित्रात कोठेच बसत नाही. तेथे घनदाट वन नाही, जिप्सीची सफर नाही, वाघ तर नाहीच. तेथे उघडेबोडके, तांबूस-जांभळ्या रंगाचे पर्वत आहेत, हिमनद्यांच्या पाण्यावर हिरवी झालेली जवाची लहान लहान शेते आहेत आणि सहसा कोणाच्या दृष्टीस न पडणारा हिमबिबट्या आहे. हे उद्यान म्हणजे लडाखमधील हेमिस होय.

गेल्या काही वर्षांत आपल्या संस्थेचे अनेक माजी विद्यार्थी आणि पालक लडाखला जाऊन आले. लेह शहर, तेथील गोंपा आणि पँगाँगचे सरोवर पाहून बहुतेक जण परततात. सिंधू नदीच्या पलीकडच्या तीरापासून जे विस्तीर्ण उद्यान सुरू होते, त्यात पाऊल टाकणारे विरळा. आम्ही माजी विद्यार्थ्यांचा एक लहान गट दोन वेळा तेथे गेलो, एकदा ऑगस्टमध्ये पायी फिरण्यासाठी आणि एकदा फेब्रुवारीत वन्यप्राणी पाहण्यासाठी. वसतिगृहातील वरच्या वर्गांच्या विद्यार्थ्यांना तेथे नेता येईल काय, असा प्रश्न आम्हांला वारंवार विचारला जातो. त्याचे उत्तर केवळ ‘होय’ किंवा ‘नाही’ असे देता येत नाही. त्यासाठी ती भूमी, आपले शरीर, तेथील प्राणी आणि तेथील माणसे या चारही गोष्टी समजून घ्याव्या लागतात. प्रस्तुत लेखाचा हेतू तोच आहे.

उद्यानाची ओळख

हेमिस राष्ट्रीय उद्यानाची स्थापना १९८१ साली झाली. आरंभी त्याचे क्षेत्र सुमारे ६०० चौरस किलोमीटर होते. पुढे ते वाढवीत नेऊन आज सुमारे ४,४०० चौरस किलोमीटर झाले आहे. तुलनेसाठी सांगावयाचे तर मुंबईचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे आहे, म्हणजे तशी चाळीसहून अधिक उद्याने हेमिसमध्ये सहज मावतील. उद्यानाला नाव मिळाले ते हेमिस गोंपावरून. सतराव्या शतकात लडाखचा राजा सेंग्गे नामग्याल याच्या आश्रयाने भरभराटीस आलेला हा विहार द्रुक्पा परंपरेचा आहे. गुरू पद्मसंभव यांच्या स्मरणार्थ उन्हाळ्यात तेथे भरणारा ‘हेमिस त्सेचू’ हा उत्सव आणि त्यातील मुखवट्यांची नृत्ये दूरवर प्रसिद्ध आहेत.

येथे एक गोष्ट आवर्जून सांगावी लागेल. आपल्याकडील अनेक अभयारण्यांत गावे हलवून वन राखण्याचा मार्ग अवलंबिला गेला. हेमिसमध्ये मात्र रुंबक, यारुत्से, शिंगो, स्किऊ, काया, मरखा अशी गावे उद्यानाच्या आत नांदत आहेत. काही गावे अगदीच लहान आहेत. यारुत्से येथे तर एकच मोठे घर आहे आणि तेच गाव. ही माणसे जव पिकवितात, मेंढ्या, शेळ्या, याक आणि झो पाळतात. (झो म्हणजे याक व गाय यांचा संकर.) त्यामुळे हेमिसमध्ये पाऊल ठेवणारा पाहुणा एकाच वेळी वनात आणि कोणाच्या तरी अंगणात शिरत असतो.

पर्जन्यछायेतील भूमी

लडाखमध्ये वर्षभरात सरासरी सुमारे १० सेंटिमीटर पर्जन्य होते. महाबळेश्वरला मृगानंतर एखाद्या दिवशी याहून अधिक पाऊस पडून जातो. याचे कारण आपल्याला समजावयास कठीण नाही. सह्याद्रीने अडविलेल्या ढगांमुळे जशी माण आणि आटपाडीची भूमी कोरडी राहते, तशी हिमालयाच्या मुख्य रांगेने आणि झांस्कर रांगेने अडविलेल्या मोसमी वाऱ्यांमुळे लडाख कोरडे राहिले आहे. फरक इतकाच की येथील भिंत पाच-सहा हजार मीटरची आहे.

पाऊस नाही, तर शेती कशावर होते? उंच शिखरांवर हिवाळ्यात साठलेले बर्फ उन्हाळ्यात वितळते. ते पाणी दगडांच्या लहान पाटांतून शेतापर्यंत आणले जाते. लडाखी भाषेत या पाटाला ‘युरा’ म्हणतात. कोणाच्या शेताला केव्हा आणि किती पाणी मिळावे हे ठरविणारा ‘चुरपोन’ गावाने नेमलेला असतो. पाण्याच्या वाटपावरून कज्जे-खटले झालेल्या आपल्या गावांनी या पद्धतीकडे जिज्ञासेने पाहावे असे आम्हांस वाटते. पाणी जेथे पोहोचते तेथवर जव, वाटाणा, वाळुंज व पॉप्लरची झाडे दिसतात. त्याच्या हातभर पलीकडे उघडा खडक सुरू होतो.

मात्र ही कोरडी भूमी क्वचित भयंकरही होते. ऑगस्ट २०१० मध्ये रात्रीच्या वेळी लेह परिसरात ढगफुटी झाली आणि चिखलाच्या लोंढ्यांत दोनशेहून अधिक माणसे दगावली. ज्या मातीला पाणी शोषण्याची सवय नाही, ती पाण्याबरोबर वाहू लागते. म्हणून नाल्याच्या पात्रात किंवा त्याच्या मुखाशी तंबू कधीही ठोकू नये, मग आकाश कितीही निरभ्र असो.

विरळ हवा आणि आपले शरीर

नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर उंचीवर आहे. आपल्याला ‘थंड हवेचे ठिकाण’ म्हणून माहीत असलेले चिखलदरा सुमारे १,१०० मीटर आणि महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर कळसूबाई १,६४६ मीटर. लेह शहरच सुमारे ३,५०० मीटर उंचीवर वसले आहे आणि उद्यानातील खिंडी ४,९०० ते ५,२०० मीटरपर्यंत जातात. लेहला हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे दोनतृतीयांश असतो आणि सर्वांत उंच खिंडीत तो निम्म्याच्या किंचित वर उरतो. म्हणजे प्रत्येक श्वासागणिक आपल्या फुप्फुसांत जाणारा प्राणवायू त्याच प्रमाणात घटतो.

शरीर या बदलाशी जुळवून घेऊ शकते, परंतु त्याला वेळ द्यावा लागतो. सकाळी नागपूरहून निघालेला मनुष्य दिल्लीमार्गे विमानाने लेहला उतरतो तेव्हा त्याने एका दिवसात तीन हजार मीटरहून अधिक उंची गाठलेली असते. अशा वेळी किमान दोन पूर्ण दिवस लेहमध्ये विश्रांती घेणे हा नियम आहे, त्यात कोणाचीही सवलत नाही. तरुण आणि धट्टेकट्टे असण्याने ही बाधा टळत नाही. उलट बळाच्या भरवशावर घाई करणारेच तिला अधिक बळी पडतात. त्यानंतरही रात्रीच्या मुक्कामाची उंची एका दिवसात ५०० मीटरहून अधिक वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावे. रस्त्याने जावयाचे असल्यास श्रीनगर-कारगिल मार्ग अधिक सौम्य आहे, कारण मुक्कामाची उंची हळूहळू वाढते. मनालीच्या मार्गावर सरचूसारख्या लेहहूनही उंच ठिकाणी रात्र काढण्याचा प्रसंग येतो.

डोकेदुखी, मळमळ, भूक मंदावणे, झोप न लागणे ही पहिली लक्षणे. ती दिसताच अधिक उंच जाणे थांबवावे. बसल्या जागी धाप लागणे, फेसाळ खोकला येणे, बोलण्यात विसंगती येणे किंवा सरळ रेषेत टाचेला पंजा लावून चालता न येणे ही धोक्याची लक्षणे होत. यावर खरा उपाय एकच : रात्र असली तरी ताबडतोब खाली उतरणे. औषधे आणि प्राणवायूचे नळकांडे हे उतरण्यास साहाय्य करणारे आहेत, उतरण्याला पर्याय नव्हेत. उंचीच्या बाधेवर आधी घ्यावयाची गोळी डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावी, विशेषतः सल्फा औषधांची ॲलर्जी असणाऱ्यांनी.

येथे आपल्या भागातील पालकांना एक गोष्ट स्पष्ट शब्दांत सांगणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. विदर्भात, विशेषतः आदिवासी आणि अनुसूचित जातींच्या समाजांत, सिकलसेलचे जनुक मोठ्या प्रमाणावर आढळते. आपल्या वसतिगृहातील मुले याच समाजांतून आलेली आहेत. प्राणवायू कमी पडला की या रुग्णांच्या तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात आणि सूक्ष्म रक्तवाहिन्या तुंबवितात. ज्याला सिकलसेलचा आजार आहे, त्याने अशा उंचीवर जाऊ नये. जो केवळ वाहक आहे, तो एरवी पूर्ण निरोगी असतो आणि त्याला आपण वाहक आहोत हेही पुष्कळदा ठाऊक नसते. परंतु अतिउंचीवर काही वाहकांच्या प्लीहेला इजा होऊ शकते. डाव्या बरगडीखाली अचानक तीव्र वेदना सुरू होणे हे तिचे लक्षण. अशा वेळी पोटदुखी समजून गोळी देत बसू नये, मुलाला तत्काळ खाली आणावे आणि लेहच्या रुग्णालयात न्यावे. म्हणून सहलीचे नाव नोंदविण्यापूर्वी प्रत्येक विद्यार्थ्याची आणि सोबत जाणाऱ्या प्रत्येक शिक्षकाची सिकलसेल तपासणी झालीच पाहिजे. प्राथमिक चाचणीत दोष दिसल्यास हिमोग्लोबिन इलेक्ट्रोफोरेसिस करून आजार की वाहक हे निश्चित करून घ्यावे. शासकीय रुग्णालयांतून ही सोय आहे. उत्तर भारतातील मार्गदर्शक किंवा सहल कंपन्या हा प्रश्न सहसा विचारीत नाहीत, कारण त्यांच्या बहुतेक प्रवाशांचा तो प्रश्न नसतो. आपला मात्र आहे.

चालण्याच्या वाटा

उद्यानातील सर्वांत परिचित वाट मरखा खोऱ्याची. लेहजवळील झिंगचेन येथून निघून रुंबक, यारुत्से, मग सुमारे ४,९०० मीटर उंचीची गांदा ला ही खिंड, पुढे शिंगो, स्किऊ, मरखा, हंकर, निमालिंगचे कुरण आणि शेवटी सुमारे ५,२०० मीटर उंचीची कोंगमारू ला ओलांडून शांग सुमदोकडे उतरणे, असा हा सहा ते आठ दिवसांचा प्रवास आहे. ‘ला’ म्हणजे खिंड. जून ते सप्टेंबर हा याचा काळ. निमालिंगला उन्हाळ्यात गुराखी आपली जनावरे घेऊन येतात आणि समोर सुमारे ६,४०० मीटर उंचीचे कांग यात्से शिखर उभे असते. गवतात हिमालयीन मार्मोट बिळाच्या तोंडाशी उभे राहून शीळ घालतात. ही शीळ म्हणजे शेजाऱ्यांना दिलेला धोक्याचा इशारा होय.

ज्यांना एवढा वेळ किंवा बळ नाही, त्यांनी झिंगचेनहून रुंबकपर्यंत जावे, तेथे दोन-तीन रात्री राहावे आणि यारुत्सेपर्यंत फेरी करून परतावे. विद्यार्थ्यांसाठी आम्ही हाच बेत सुचवू. रुंबक सुमारे चार हजार मीटर उंचीवर आहे, म्हणजे लेहच्या विश्रांतीनंतरची वाढ शरीराला पेलणारी ठरते आणि काही बिघडल्यास त्याच दिवशी लेहला पोहोचता येते.

या वाटांवर ओढे पार करावे लागतात. त्यांचे पाणी सकाळी घोट्याएवढे असते आणि दुपारनंतर गुडघ्यापर्यंत किंवा त्याहूनही वर चढते, कारण दिवसभराच्या उन्हाने वितळलेले बर्फ खाली पोहोचण्यास वेळ लागतो. म्हणून पहाटे निघणे आणि ओढे दुपारपूर्वी ओलांडणे ही तेथील जुनी रीत आहे. वाटेत ‘मणी’ भिंती लागतात. मंत्राक्षरे कोरलेल्या शिळांच्या या भिंती आणि छोर्तेन, म्हणजे स्तूप, आपल्या उजव्या हाताला ठेवून पुढे जावयाचे असते. प्रदक्षिणेचा हा नियम आपल्याला परका नाही. चैत्यभूमी किंवा दीक्षाभूमीवर जाणाऱ्यास तो कोणी शिकवावा लागत नाही. लडाखी बांधवांची परंपरा महायान-वज्रयानाची आहे, पूजाविधी आणि प्रतीके आपल्याहून निराळी आहेत. तथापि ‘जुले’ म्हणून हात जोडताच समोरच्या वृद्ध आजीच्या मुखावर जे हास्य उमटते, त्याला भाषांतर लागत नाही.

हिमबिबट्या आणि त्याचे शेजारी

लडाखी भाषेत हिमबिबट्याला ‘शान’ म्हणतात. नावात बिबट्या असला तरी जनुकीय दृष्ट्या तो बिबट्यापेक्षा वाघाला अधिक जवळचा आहे. ताडोबातील बिबट्याहून तो साधारणतः हलका असतो. त्याचा करडा-धुरकट रंग आणि त्यावरील पुसट काळी वर्तुळे खडकाशी इतकी एकरूप होतात की समोर बसलेला प्राणीही पटकन दिसत नाही. पंजे रुंद आणि केसाळ, त्यामुळे मऊ बर्फात पाय फारसा रुतत नाही. शेपटी जवळजवळ शरीराइतकी लांब असते. कड्यावरून झेप घेताना ती तोल सावरते आणि झोपताना तोंडाभोवती गुंडाळून घेता येते. वाघ-सिंहांसारखी डरकाळी त्याला फोडता येत नाही. मीलनाच्या काळात, म्हणजे जानेवारी ते मार्चमध्ये, मात्र त्याची लांबलचक आर्त हाक दऱ्यांत घुमते.

त्याचे मुख्य भक्ष्य भरल, लडाखीत ‘नापो’. निळसर करड्या रंगाचा हा प्राणी मेंढी आणि शेळी यांच्या मधला आहे. तो नेहमी कड्याच्या आसपास चरतो, कारण संकटकाळी कडा हाच त्याचा आश्रय. याशिवाय सिंधूकाठच्या सौम्य उतारांवर राहणारी ‘शापो’ ही रानमेंढी, मोठ्या वळणदार शिंगांची अतिविरळ ‘न्यान’, तिबेटी लांडगा म्हणजे ‘शंकू’ आणि तांबडा कोल्हा हेही येथले रहिवासी आहेत. आकाशात सोनेरी गरुड आणि दाढीवाले गिधाड दिसते. हे गिधाड हाडे उंच नेऊन खडकावर टाकते, ती फुटली की आतील मगज आणि तुकडे खाते. पहाटे उतारावर चुकर तित्तिरांचे थवे आणि हिमकोंबड्यांची शीळ यांनी खोरे जागे होते.

भारतात हिमबिबटे किती, याचे पहिले देशव्यापी मापन जानेवारी २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात ७१८ हिमबिबटे असून त्यांपैकी ४७७ एकट्या लडाखमध्ये आहेत. ही मोजणी स्वयंचलित कॅमेऱ्यांच्या आधारे होते. माणसाच्या अंगठ्याच्या ठशाप्रमाणे प्रत्येक हिमबिबट्याच्या अंगावरील ठिपक्यांची नक्षी वेगळी असते, म्हणून छायाचित्रांवरून प्राणी ओळखता येतो. या पद्धतीचे आरंभीचे महत्त्वाचे प्रयोग २००३ आणि २००४ मध्ये हेमिसमध्येच झाले होते.

पाहावे कसे

हिमबिबट्या पाहण्याचा काळ जानेवारी ते मार्च. या दिवसांत उंच कुरणांवर बर्फ साचल्याने भरल खाली उतरतात आणि त्यांच्या मागोमाग शिकारीही. रात्रीचे तापमान उणे २० अंशांपर्यंत किंवा त्याखाली जाते. बाटलीतील पाणी गोठते, कॅमेऱ्याची बॅटरी अंथरुणात घेऊन झोपावे लागते. ताडोबात वाहन प्राण्याजवळ जाते. हेमिसमध्ये मनुष्य एका जागी बसतो आणि दुर्बिणीने समोरचा डोंगर ओळीओळीने वाचतो. पहाट आणि संध्याकाळ या वेळा महत्त्वाच्या.

स्थानिक माग काढणाऱ्यांकडून आम्ही जे शिकलो त्याचे सार असे. प्रथम प्राणी शोधू नये, भरल शोधावेत. चरणारा कळप एकाएकी मान वर करून एकाच दिशेने पाहू लागला तर आपणही तिकडे पाहावे. कावळे, डोंगरकावळे आणि गिधाडे एका ठिकाणी घोटाळू लागली तर तेथे शिकार पडलेली असण्याचा संभव असतो आणि हिमबिबट्या आपल्या शिकारीपाशी काही दिवस राहतो. वाटेवर पायांनी उकरल्याच्या खुणा, झुकलेल्या खडकाखालचा उग्र दर्प, बर्फातील गोल ठसे हे त्याचे निरोप होत. ते एकमेकांसाठी ठेवलेले असतात, आपण केवळ ते चोरून वाचतो.

फेब्रुवारीत आम्ही रुंबक खोऱ्यात नऊ दिवस होतो. पहिले सहा दिवस ठसे सोडून काही दिसले नाही. सातव्या दिवशी सायंकाळी माग काढणाऱ्या तरुणाने एका कड्याकडे बोट दाखविले. मोठ्या दुर्बिणीतूनही आमच्यापैकी दोघांना तो दिसेना. मग खडकाचा एक तुकडा उठला, त्याने अंग ताणले आणि तो कड्यामागे नाहीसा झाला. सारे मिळून तीन-चार मिनिटे. अंतर किलोमीटरभर तरी असेल. याहून जवळ जाण्याचा आग्रह कोणी धरला नाही, हे आम्हांला त्या दर्शनाइतकेच मोलाचे वाटते. कारण अलीकडे हिवाळ्यात पाहुणे वाढले आहेत. बातमी फुटली की गट धावत येतात, चांगल्या छायाचित्रासाठी कड्याखाली जातात आणि शिकारीवर बसलेला प्राणी उठून जातो. उणे वीस अंशांत सोडून दिलेले एक जेवण त्या प्राण्याला परवडणारे नसते.

गोठा, गाव आणि करुणा

आता सर्वांत कठीण प्रश्नाकडे वळू. लडाखी घरात हिवाळ्याच्या रात्री जनावरे तळमजल्यावरील किंवा घराजवळच्या दगडी कोंडवाड्यात असतात. छप्पर उघडे किंवा कच्चे असले की हिमबिबट्या आत उतरतो. आत शिरल्यावर भेदरलेल्या मेंढ्या-शेळ्या सैरावैरा धावू लागतात आणि तो एकामागून एक मारीत जातो. सकाळी दार उघडावे तर दहा-वीस जनावरे मृत पडलेली. ज्या कुटुंबाचे दूध, लोकर, खत आणि रोख पैसा याच कळपावर अवलंबून, त्याने काय करावे? चंद्रपूर आणि गडचिरोलीकडे वाघाने गाय नेलेल्या घरात बसून आलेल्या माणसाला या प्रश्नाची धार कळते. पूर्वी काही ठिकाणी अशा हिमबिबट्याला कोंडवाड्यातच मारले जाई. लांडग्यांसाठी तर ‘शंगदोंग’ नावाचे दगडी खड्डे होते, वर निमुळते आणि आत रुंद, ज्यात आमिषासाठी उतरलेला लांडगा पुन्हा बाहेर पडू शकत नसे. ही गावेही बौद्धच होती. प्राणातिपातापासून विरत राहण्याचे शील त्यांनाही ठाऊक होते. रिकाम्या गोठ्यापुढे ते शील पाळणे किती कठीण आहे, हे दुरून उपदेश करणाऱ्याने विसरू नये.

उपाय निघाला तो उपदेशातून नव्हे. या शतकाच्या आरंभी अमेरिकन संशोधक रॉडनी जॅक्सन आणि लडाखचे गिर्यारोहक रिंचेन वांगचुक यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी गावकऱ्यांसोबत बसून साधी कामे हाती घेतली. कोंडवाड्यांवर मजबूत जाळी बसविली, दारे-झरोके बंद केले. त्याच वेळी घरातील एक खोली पाहुण्यांसाठी ठेवण्याची योजना सुरू झाली. घराचा कारभार पाहणाऱ्या स्त्रियाच ती चालवितात. पाहुणे पाळीपाळीने सर्व घरांना मिळावेत असा नियम असतो आणि उत्पन्नाचा काही भाग गावाच्या संवर्धन-निधीत जातो. वाटेवर जुन्या पॅराशूटच्या कापडाखाली चहा-फराळाची ठिकाणे महिला मंडळे चालवितात. हळूहळू हिशेब बदलला. मेलेल्या हिमबिबट्यापेक्षा जिवंत हिमबिबट्या गावाला अधिक देऊ लागला. रिंचेन वांगचुक २०११ मध्ये निवर्तले, त्यांचे कार्य मात्र चालू आहे. उद्यानाबाहेर चांगथांगमधील चुशूल गावच्या लोकांनी तर २०१८ मध्ये आपले शंगदोंग निकामी केले आणि त्यांच्याजवळ स्तूप उभारला. एका पूज्य रिंपोचेंच्या हस्ते त्याची प्रतिष्ठापना झाली.

आम्ही राहिलो त्या घरच्या आमाला, म्हणजे घरमालकिणीला, आम्ही विचारले, शानचा राग येत नाही काय? त्यांनी चुलीत शेणी सारीत उत्तर दिले की राग अजूनही येतो, पण आता छपराला जाळी आहे आणि तुम्ही आला आहात. आम्हांला या उत्तरात करुणेची फार व्यवहारी समज दिसली. ज्याला नुकसान सोसावे लागते त्याचा भार इतरांनी उचलल्याखेरीज, प्राण्यावर दया करा असे त्याला सांगण्याचा अधिकार कोणाला पोहोचत नाही.

जाणाऱ्यांसाठी काही सूचना

राहावयाचे ते गावातील घरीच. चुलीभोवतीच्या बैठकीत वयाप्रमाणे जागा ठरलेल्या असतात, म्हणून यजमान सांगतील तेथे बसावे. खमीर रोटी, थुक्पा, स्क्यू, सातूचे पीठ आणि लोणी-मिठाचा चहा हे जेवण. शौचालय कोरडे असते : वापरानंतर माती टाकावयाची, पाणी नाही. त्याचेच पुढे खत होऊन जवाच्या शेतात जाते. पाण्याच्या या देशात आपल्या सवयी घेऊन जाणे योग्य नव्हे. प्लास्टिकच्या बाटल्या नेऊ नयेत, उकळलेले पाणी घरोघरी मिळते. नेलेला कचरा लेहला परत आणावा. ड्रोन उडवू नये, मोठ्याने बोलू नये, प्राण्याला आमिष दाखवू नये. हिमबिबट्याला वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे. प्रवेशशुल्क आणि परवान्यांचे नियम बदलत असतात, म्हणून लेहमधील वन्यजीव विभागाच्या कार्यालयात चौकशी करूनच निघावे. गटासोबत स्थानिक मार्गदर्शक घ्यावा आणि त्याने ‘आज पुढे नको’ म्हटले तर वाद घालू नये.

संस्थेपुढे आमची विनंती अशी : विद्यार्थ्यांची पहिली तुकडी दहाहून मोठी नसावी, काळ उन्हाळ्याचा असावा, मुक्काम रुंबकचा असावा आणि सोबत एक डॉक्टर असावा. तपासणीत ज्या मुलाला जाता येणार नाही असे ठरेल, त्याला त्यामुळे कमीपणा वाटू नये, यासाठी त्याच सुट्टीत ताडोबाचा एक तितकाच चांगला अभ्यासदौरा आखावा. माजी विद्यार्थ्यांच्या निधीतून सर्व मुलांच्या रक्ततपासणीचा आणि गरजू मुलांच्या प्रवासाचा व उबदार कपड्यांचा खर्च व्हावा. आमच्या गटाने त्यासाठी आपला वाटा जमा करण्यास आरंभ केला आहे. ज्या पालकांना व बंधुभगिनींना त्यात सहभागी व्हावयाचे असेल, त्यांनी संस्थेच्या कार्यालयात नाव नोंदवावे आणि त्यापूर्वी आपल्या पाल्याची तपासणी करून घ्यावी.